आईवडिलांचं अमेरिकेचं ग्रीन कार्ड: सोलापुरात बसून कागदं कशी जमवायची आणि इंटरव्ह्यूला काय होतं

पोरगी नाहीतर पोरगा तिकडं अमेरिकेत सिटिझन झाला की इकडं फोन येतो, "आईआण्णांची फाइल टाकायचीय, तू जरा कागदं बघून ठेव." त्या "जरा"मध्ये इकडच्या भावाचं वर्ष जातं. आमच्या घरात तो भाऊ मी. आक्का एडिसनला, न्यू जर्सीत, आणि इंद्रभुवनात महापालिकेच्या चकरा मारायला मी. नंतर गल्लीतल्या दोनतीन जणांनी विचारलं, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय. फॉर्म भरायचं वेबसाइटवर सगळं लिहिलेलं असतंय, पण कागदं कुठनं आणि कशी आणायची ते तिथं कुणी सांगत नाही, त्यामुळं माझा भर त्यावर आहे.

सगळ्यात आधी आईवडिलांना विचारा. हसू नका, अर्ध्या घरांत हे विचारतच नाहीत. त्यांना वर्षातनं तीनचार महिने जाऊन नातवंडं बघून परत यायचंय का कायमचं जायचंय? नुसतं भेटायला जायचं असेल तर टुरिस्ट व्हिसा बरा, एका वेळी बहुतेक सहा महिने राहायला मिळतं, झालं. ग्रीन कार्ड म्हणजे तिकडं राहणं आलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परत शिरताना प्रश्न विचारतात, वर्षाच्या वर राहायचं असेल तर निघायच्या आधीच री-एन्ट्री परमिटचा, म्हणजे परत शिरायच्या परवानगीचा, अर्ज तिकडं असतानाच करावा लागतो. आणि एकदा इमिग्रेशनची फाइल टाकली की नंतर टुरिस्ट व्हिसा मागायला गेलं तर "तुम्हाला तर कायमचं जायचंय ना" असं म्हणून नाकारायची शक्यता वाढते. आमच्या आण्णांना जायचं नव्हतंच खरं तर, आईसाठी तयार झाले. ते एक महिना चाललं घरात, पण ते फाइल टाकायच्या आधी चाललं हे बरं झालं.

आता कोण टाकू शकतं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकन सिटिझन पाहिजे आणि वय २१ पूर्ण पाहिजे. नुसत्या ग्रीन कार्डवर आईवडिलांना बोलवता येत नाही, इथं लई जणांचा गोंधळ होतो. सिटिझनच्या आईवडिलांना वर्षाचा कोटा नसतो, त्यामुळं नंबर लागायची वाट बघायची नसते, फक्त फाइल सरकायला जो वेळ लागतो तो. पण यात बरोबर दुसरं कुणी जात नाही. म्हणजे घरातला धाकटा भाऊ आईवडिलांच्या फाइलमध्ये घुसू शकत नाही, त्याची वेगळी फाइल लागते आणि भावाबहिणींच्या रांगेत भारतातल्या माणसाला पंधरा वर्षांच्या वर थांबावं लागतंय. आक्कानं माझी पण टाकू का विचारलं, मी म्हटलं राहू दे, तोवर मी पेन्शनीत जाईन.

आई आणि वडील दोघांच्या फाइली वेगवेगळ्या. आय-१३० नावाचा फॉर्म दोनदा, फी दोनदा. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर आणि कागदावर ६७५, भरायच्या आधी एकदा वेबसाइटवर बघून घ्या कारण फी बदलत असते. हे काम तिकडचं, त्यामुळं त्यात जास्त शिरत नाही. आईच्या फाइलला मुलीचा जन्मदाखला लागतो ज्यात आईचं नाव पाहिजे. वडलांच्या फाइलला जन्मदाखल्यात दोघांची नावं आणि वर आईवडिलांचं लग्नाचं सर्टिफिकेट. शिवाय मुलीचा सिटिझनशिपचा पुरावा, आणि मुलगी असेल तर तिचं स्वतःचं लग्नाचं सर्टिफिकेट पण, कारण जन्मदाखल्यावर माहेरचं आडनाव आणि अमेरिकन पासपोर्टवर सासरचं.

म्हणजे बघा, खेळ सगळा नावाचा. आक्काचा जन्मदाखला काढला तर त्यात बाळाचं नावच नाही! लिंग स्त्री, तारीख, आईवडिलांचं नाव, आणि नावाची जागा मोकळी. सोलापुरात हे सर्रास आहे, दवाखान्यातनं जन्माची नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं आणि नंतर कुणी जाऊन नाव टाकलं नाही. आम्ही जन्म मृत्यू विभागात नाव टाकायचा अर्ज केला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार घेऊन जावं लागलं, पण वेळ गेला. म्हणून माझं म्हणणं, फॉर्म भरायच्या आधी हे एक काम करा: आईवडील आणि जो फाइल टाकणार त्याची, सगळी कागदं टेबलावर पसरा आणि एका वहीत प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलंय, जन्मतारीख काय, जन्मगाव काय ते उतरवून काढा. आम्ही काढलं तेव्हा आण्णांचं नाव चार प्रकारे निघालं, कुठं मागं "अप्पा" लावलेलं, कुठं नाही, कुठं वडलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. आईचं तर माहेरचं नाव वेगळं, सासरी आल्यावर ठेवलेलं वेगळं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच हाक मारायचं नाव.

यातला मुख्य कागद पासपोर्ट. बाकी सगळं त्याच्याकडं वळवायचं. बारीक फरक असेल तर "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं ॲफिडेव्हिट चालून जातं, पण आईसारखं नावच बदललेलं असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट आणि जमलं तर राजपत्रातली नावबदलाची नोंद पण जोडा. आणि प्रत्येक फॉर्ममध्ये "आणखी कुठली नावं वापरली" असा रकाना असतो, तिथं ही सगळी नावं लिहा, लपवू नका. लिहिलं की ते नाव उरतं, लपवलं की तो प्रश्न होतो.

जन्मतारखेचं सांगायची गरज नाही, आपल्याकडं त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. गुरुजींनी शाळेत घालताना जी टाकली ती तारीख. आण्णांची पण १ जून. ती पासपोर्टवर, पेन्शनवर सगळीकडं एकच असेल तर काही होत नाही, तीच धरून चला, आता "खरी" तारीख शोधायला जाऊ नका.

आईवडिलांचा स्वतःचा जन्मदाखला पहिल्या फॉर्मला लागत नाही, पुढच्या टप्प्याला लागतो, पण शोध आत्ताच सुरू करा. जन्म मृत्यू नोंदणीचा जो कायदा आहे तो १९६९ चा, लागू झाला १ एप्रिल १९७० ला, त्याच्या आधीच्या माणसांची नोंद सापडेलच असं नाही. आण्णा अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातले. ग्रामपंचायतीत काही नाही. मग तहसीलला कोतवाल बुक बघितलं, म्हणजे गाव नमुना १४, कोतवाल गावातले जन्म मृत्यू त्यात लिहायचा. कुणबी नोंदींच्या निमित्तानं ही पुस्तकं आता सगळ्यांना माहीत झालीत. जुन्या पानांवर मोडी असते, वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागतो. आम्हाला त्या वर्षाचं पान मिळालं नाही, अर्धं वाळवीनं खाल्लेलं. तर अशा वेळी ऑफिसकडनं "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला घ्यायचा, साध्या भाषेत अनुपलब्धता दाखला, सही शिक्क्यासकट. त्याच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची ॲफिडेव्हिटं. ॲफिडेव्हिट करणारा त्यांच्यापेक्षा वयानं मोठा पाहिजे, निदान त्याला जन्म कळायच्या वयाचा तरी. आण्णांची थोरली बहीण ८१ वर्षांची, तिला रिक्षानं नोटरीकडं नेलं, ती तिथं विचारती, "ह्याचा जन्म मला आठवतोय काय म्हणजे? मीच पाळणा हलवलाय की!" नोटरीला म्हटलं हेच लिहा.

आईचं माहेर इंडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात विजयपूर जिल्हा. तिकडचा दाखला कन्नडमध्ये. तुमच्यापण घरात असं असणार, सोलापूर आहे ते, कुणाचं माहेर कर्नाटकात तर कुणाचे आजोबा तेलंगणातनं आलेले. मराठी असो कन्नड असो, इंग्रजी भाषांतर जोडायचं आणि भाषांतर करणाऱ्यानं खाली लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, नाव, सही, पत्ता, तारीख. झेरॉक्सच्या दुकानात भाषांतर करून मिळतं खरं, पण घरी आल्यावर मूळ कागदाशी एकेक ओळ जुळवा. आमच्यात एकानं जन्मगावाच्या जागी तालुका टाकला होता.

लग्नाचं सर्टिफिकेट. १९७० च्या दशकातली लग्नं, नोंदणी कोण करतंय तेव्हा. पण आता करता येते, कितीही वर्षं झाली तरी. महापालिकेच्या विवाह नोंदणीत जायचं, दोघांचे पुरावे, लग्नातला फोटो, पत्रिका असेल तर पत्रिका, तीन साक्षीदार. लग्न लावणारे स्वामी केव्हाच गेलेले, पत्रिका पण नव्हती, त्याच्यासाठी ॲफिडेव्हिट करावं लागलं. पन्नास वर्षांनी दोघं शेजारी बसून सही करताना आई पदर सारखा करत होती, क्लार्क म्हणाला आजी, फोटो काढायचा नाही ओ. सर्टिफिकेटवर नोंदणीची तारीख ताजी असली तरी लग्नाची तारीख जुनी येते, ती नीट बघून घ्या. ताज्या नोंदणीवर शंका येऊ नये म्हणून आम्ही जुनं रेशन कार्ड आणि फोटो पण जोडले.

फाइल मंजूर झाली की ती एनव्हीसीकडं जाते, नॅशनल व्हिसा सेंटर. तिथनं केस नंबर येतो, मुंबईची केस असेल तर बीएमबीनं सुरू होणारा. मग ऑनलाइन फी, व्हिसाची माणशी ३२५ डॉलर आणि स्पॉन्सरचे, म्हणजे खर्चाची हमी घेणाऱ्याचे, कागद तपासायचे १२०. त्यानंतर दोघांचा वेगवेगळा डीएस-२६० फॉर्म, म्हणजे व्हिसाचा अर्ज.

हा फॉर्म कुणाकडनं भरून घेतला तरी शेवटी तुम्ही स्वतः वाचा. आम्ही एका एजंटकडनं भरून घेतला, पैसे दिले, निवांत झालो. त्यात प्रश्न असतो, आधी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारलाय का. आईचा टुरिस्ट व्हिसा दहा वर्षांपूर्वी नाकारलेला, पठ्ठ्यानं "नाही" ठोकून दिलं. म्हणे "कशाला सांगायचं". अहो त्यांच्याकडं बोटांचे ठसे आहेत, त्यांना माहीतच आहे! नाकारला होता ही काही मोठी गोष्ट नाही, खोटं बोललात ही मोठी गोष्ट होते, त्यावरनं कायमचं अडकू शकतं. सबमिट केल्यावर फॉर्म लॉक होतो, आक्कानं एनव्हीसीला लिहून परत उघडून घेतला आणि दुरुस्त केला. तो महिना मी नीट झोपलो नाही.

पैशाचं काम आक्काचं, आय-८६४. सोप्या भाषेत, आईवडील सरकारवर बोजा होणार नाहीत असा करार. तिकडच्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं आणि घरातली माणसं मोजताना येणारे आईवडील पण धरतात. आक्का, दाजी, एक पोरगं आणि हे दोघं म्हणजे पाच, २०२५ च्या तक्त्याप्रमाणं साधारण ४७ हजार डॉलर. कमी पडत असेल तर नवऱ्याचं उत्पन्न जोडता येतं, तेही नसेल तर दुसरा जॉइंट स्पॉन्सर. दोन फाइली म्हणून दोन करार. टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भरलेल्या टॅक्सचा उतारा, तिथल्या टॅक्स खात्याकडनंच काढलेली जोडली की कटकट कमी. दाजींना मात्र सही करायच्या आधी सांगा की हा करार आईवडील सिटिझन होईपर्यंत किंवा तिकडं दहा वर्षांइतकं काम भरेपर्यंत चालू राहतो, नुसतं रुसून मोडत नाही.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरनं, फी ५०० रुपये, मग चौकीतनं फोन येतो. पत्ता पासपोर्टवरचा आणि राहायचा एकच नसेल तर आधी त्याचं बघा. हे सर्टिफिकेट त्यांच्याकडं दोन वर्षं चालतं, फार आधी काढून ठेवू नका. आणि वडील कधी दुबई मस्कतला वर्षाच्या वर नोकरीला होते असं असेल तर तिथलं पण लागणार, ते काढायला वेळ लागतो.

सगळं अपलोड झालं आणि त्यांनी मान्य केलं की केस "डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड" होते. मग इंटरव्ह्यूच्या तारखेची वाट. रोज ईमेल उघडून काही होत नाही, मी करून बघितलंय.

तारीख आली की धावपळ. मेडिकल सोलापुरात होत नाही, कॉन्सुलेटनं, म्हणजे मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीनं, ठरवलेल्या डॉक्टरांकडंच करावं लागतं. छातीचा एक्सरे, वयाप्रमाणं लागतील त्या तपासण्या, लसी. जुनी लसींची कागदं असतील तर न्या, नाहीतर वयाप्रमाणं टोचतात. शुगर बीपी असेल तर गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. मेडिकल जास्त अडतं ते टीबीवरनं. आण्णा तरुणपणी सूतगिरणीत होते, तेव्हा टीबी होऊन गेलेला, बरा झालेला, पण एक्सरेत डाग दिसला. मग तीन दिवस लागोपाठ थुंकी तपासायला द्यायची आणि कल्चरचा, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू वाढतात का बघायचा, रिपोर्ट यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. ज्यांच्या घरी असं काही झालेलं असेल त्यांनी मेडिकल इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात ठेवू नये, तारीख आली की लगेच घ्या आणि मुंबईत राहायची सोय चार दिवसांची धरा. मेडिकल बहुतेक सहा महिने चालतं आणि व्हिसाची मुदत पण त्यावरच बेतलेली असते.

इंटरव्ह्यूच्या आधी ठसे आणि फोटोसाठी वेगळ्या सेंटरला एक दिवस जायचं असतं. वंदे भारत सकाळी निघून दुपारी पोचते, इंटरव्ह्यू सकाळचा असेल तर उपयोग नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं त्याच दिवशी पहाटे पोचून थेट जायचं धाडस पण म्हाताऱ्या माणसांबरोबर करू नका, एक दिवस आधी जा. कॉन्सुलेट बांद्रा कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये आहे. मोबाइल, स्मार्टवॉच, बॅग आत नेता येत नाही. कागदं साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये, वरनं खाली क्रमानं: अपॉइंटमेंटचं पत्र, पासपोर्ट, डीएस-२६० चं कन्फर्मेशन, फोटो, मग जन्माची कागदं, लग्न, पोलीस, स्पॉन्सरची. सगळ्याच्या ओरिजिनल. आईच्या फोल्डरला मी लाल दोरा बांधला, आण्णांच्या पिवळा, कारण आत गेल्यावर सांगायला मी नसणार.

तयारी म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नका. आक्का रोज व्हिडिओ कॉलवर आईची परीक्षा घ्यायची, कंपनीचं नाव, हुद्दा, पगार, आणि आई आणखी घाबरायची. मी ते बंद करून एवढंच केलं, रात्री जेवताना गप्पा मारल्यासारखं विचारायचं: आक्का कधी गेली तिकडं, कुठल्या गावात राहते, दाजी काय करतात, तुम्हाला मुलं किती, तुमचं लग्न कोणत्या साली झालं, आधी अमेरिकेला गेलाय का, व्हिसा कधी नाकारला का, तिकडं कुणाकडं राहणार. एवढंच विचारतात साधारण. भाषा मराठी चालते, मुंबईत दुभाषी असतात, उगीच मोडकं इंग्रजी बोलायला लावू नका. माहीत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणायचं, हे उत्तर चालतं.

मी बाहेर रस्त्यापलीकडं तीन मोबाइल खिशात घेऊन थांबलो. आत उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतात. आईला विचारलं मुलगी काय काम करते, ती म्हणाली, "कॉम्प्युटरसमोर बसती, रात्री पण बसती." व्हिसा नाकारला होता का, तर "होय, एकदा नाही म्हणाले होते." पुढं लग्नाचं साल, मुलं किती, संपलं. पाच मिनिटं पण नाही. आईचा पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे पास. आण्णांना २२१(जी)ची चिठ्ठी दिली. ते बाहेर आले ते तोंड पाडूनच, त्यांना वाटलं नापास. तसं नसतं ते, चिठ्ठीवर काय कमी आहे ते लिहिलेलं असतं, त्यांचं थुंकीचं कल्चर यायचं होतं तेवढंच. रिपोर्ट आला, पासपोर्ट जमा केला, व्हिसा लागला. कागद मागितला असेल तर जसा मागितलाय तसाच द्या, ढीगभर जादा देऊ नका.

पासपोर्ट हातात आला की तिथंच नाव, जन्मतारीख, व्हिसाची मुदत बघा. मुदतीच्या आत अमेरिकेत शिरलंच पाहिजे. निघायच्या आधी २३५ डॉलरची यूएससीआयएसची, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याची, फी ऑनलाइन भरा, त्याशिवाय कार्ड घरी येत नाही. कार्ड येईपर्यंत पासपोर्टवरचा शिक्का बसलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्ड म्हणून चालतो.

तिकडच्या हेल्थ इन्शुरन्सचं आधी बघून ठेवायला आक्काला बजावा. मेडिकेअर, म्हणजे तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, लगेच मिळत नाही, वय ६५ आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथं राहणं झाल्यावर ते पैसे भरून घेता येतं, तोवर दुसरी सोय. आणि इकडचं, बँकेत जाऊन सांगायचं की खातेदार आता एनआरआय होणार, खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथलं खातं, करून घ्यायचं. गावाकडं जमीन असेल तर आहे ती ठेवता येते, पण एनआरआय झाल्यावर नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, तर भावकीत काही व्यवहार अर्धवट असेल तर जायच्या आधी उरका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तिकडनं कसा द्यायचा ते बँकेच्या माणसाला आत्ताच विचारून घ्या. आम्ही विसरलो होतो, डिसेंबरात आण्णांची पेन्शन थांबली आणि एडिसनहून रात्री अडीचला फोन, "बँकेत जाऊन सांग की मी जिवंत आहे."